बिघाड आणि चूक : गणकयंत्रांच्या दोषशोधनविद्येचा इतिहास

मराठीत यंत्र बिघडते आणि माणूस चुकतो. पिठाची गिरणी बंद पडली म्हणजे तिच्यात बिघाड झाला असे म्हणतात. खतावणीतील बेरीज जुळली नाही म्हणजे कारकुनाची चूक झाली असे म्हणतात. ही वाटणी इतकी अंगवळणी पडलेली आहे, की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गणकयंत्राने मात्र तिला धक्का दिला. यंत्रातून विपरीत उत्तर बाहेर आले असता ते यंत्राच्या बिघाडामुळे आले, की यंत्राला दिलेल्या आज्ञांतील चुकीमुळे आले, हे केवळ उत्तराकडे पाहून सांगता येत नाही; दोहोंचे बाह्य रूप एकच असते. गणकयंत्र चालते ठेवण्याच्या नोकरीत शिरणाऱ्यास जी पहिली गोष्ट शिकावी लागली ती हा भेद ओळखण्याची. गेल्या सुमारे ऐंशी वर्षांतील या विद्येचा इतिहास म्हणजे हा भेद कोणी करावयाचा, कशाच्या आधारे करावयाचा आणि तो करण्याची हातोटी नवख्याच्या अंगी कशी उतरवावयाची, याचाच पुष्कळ अंशी इतिहास होय.

या इतिहासाची साधने विखुरलेली आहेत. यंत्रे ज्यांनी रचली त्यांची चरित्रे लिहिली गेली. ती ज्यांनी चालती ठेवली त्यांच्याविषयी एखाद्या आठवणवजा लेखातील ओळ, नोंदवहीतील टिपण किंवा एखादा रूढ झालेला शब्द, एवढेच बहुधा हाती लागते. त्यांतही शब्द हे अधिक टिकाऊ साधन ठरले आहे. कामाची पद्धत बदलली, यंत्रे मोडीत गेली, तरी त्या कामाचे शब्द मागे राहिले.

दोषशोधन करणाऱ्यास इंग्रजीत जो ‘ट्रबलशूटर’ शब्द आहे तो गणकयंत्राहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी अमेरिकेतील तार व टेलिफोनच्या खात्यांत ‘ट्रबल’ म्हणजे तारेवरील दोष, आणि तो हुडकून काढण्यासाठी तारेच्या कडेकडेने हिंडणारा माणूस तो ट्रबलशूटर. या शब्दात शिकारीचा भाव आहे. वस्तुतः त्याच काळात तारखात्याने हिंडण्याचे श्रम वाचविणारी रीतही सिद्ध केली होती. तार कोठेतरी जमिनीला टेकून प्रवाह वाया जात असल्यास, ती सदोष तार व एक निर्दोष तार पलीकडच्या टोकाला जोडून, अलीकडच्या कचेरीत बसून, विद्युद्रोधांचे प्रमाण मोजून दोषस्थानाचे अंतर गणिताने काढता येई. मरे यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी केबलच्या कामात पुढेही दीर्घकाळ शिकविली गेली. दोषाकडे धावत न जाता, जागेवरून मोजमाप करून त्याचे क्षेत्र आकुंचित करीत न्यावयाचे, हे तत्त्व गणकयंत्रवाल्यांना आयतेच मिळाले होते. टेलिफोनकडून आलेला दुसरा वारसा म्हणजे तक्रारीच्या चिठ्ठीचा. आज संगणकाच्या कार्यालयात दोषाची वर्दी येताच ‘तिकीट’ उघडले जाते, तो शब्द टेलिफोन केंद्रांतील त्या चिठ्ठ्यांच्या कुळातला आहे.

‘बग’ या शब्दाची कथा याहून अधिक प्रसिद्ध आहे आणि बहुधा चुकीच्या रीतीने सांगितली जाते. हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क टू’ या यंत्राची चाचणी चालू असता ९ सप्टेंबर १९४७ रोजी एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकविण्यात आला आणि कीटक सापडल्याचे हे पहिलेच खरेखुरे उदाहरण असल्याचे शेजारी लिहिण्यात आले. ती वही आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ग्रेस हॉपर यांनी ही हकीकत पुढे अनेक व्याख्यानांतून सांगितली व तीवरून शब्दाचा जन्मच तेथे झाला असा समज पसरला. परंतु त्या टिपणातील विनोद तरी कशावर उभा आहे? दोषाला ‘कीटक’ म्हणण्याची रूढी लिहिणाऱ्याला ठाऊक नसती तर ‘खरेखुरे’ या विशेषणाला काही अर्थच उरला नसता. एडिसनने १८७८ सालच्या आपल्या एका पत्रात नव्या शोधाच्या मार्गात डोके वर काढणाऱ्या लहानसहान दोषांना हाच शब्द वापरला आहे आणि असे म्हणण्याची पद्धत असल्याचेही तेथेच सूचित केले आहे. ‘डीबग’ हे क्रियापदही १९४५ मध्ये विमानविद्येच्या लिखाणात आढळते. एवंच, पतंगाने शब्द निर्माण केला नाही. शब्दाने पतंगाला अमर केले.

मात्र येथे अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की या एका शब्दाने बिघाड व चूक या दोहोंना आपल्या पोटात घेतले. मराठीने जे वेगळे ठेवले होते ते इंग्रजी यंत्रशाळेने एकत्र केले. हा शब्ददारिद्र्याचा परिणाम नव्हे. पहिल्या यंत्रांजवळ उभ्या असलेल्या माणसांना तो भेद कामाच्या आरंभी करताच येत नव्हता. म्हणून आरंभी दोहोंना मिळून एक नाव असणे त्यांना सोयीचेच होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे फिलाडेल्फियातील ‘एनिॲक’. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये जॉन मॉकली व प्रेस्पर एकर्ट यांनी ते उभारले व फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगापुढे आले. त्यात १७,००० हून अधिक निर्वात नलिका होत्या. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या भाषेत बोलावयाचे तर तितके व्हॉल्व्ह. एक नलिका गेली तरी हिशेब नासावा अशी स्थिती. नलिका बहुधा यंत्र चालू करताना किंवा बंद करताना दगावतात हे ध्यानात आल्यावर यंत्र शक्यतो बंदच न करण्याचे धोरण पडले, आणि नलिकांवर त्यांच्या क्षमतेहून कमी भार टाकण्यात आला. सुमारे दोन दिवसांत एक नलिका जाई व ती पंधराएक मिनिटांत हुडकता येई, असे एकर्ट यांनी उत्तरायुष्यात सांगितले आहे. सतरा हजारांतील एक पाव तासात! ही किमया कोणत्या ग्रंथात लिहिलेली नव्हती.

ती ज्यांनी साधली त्यांत कॅथलीन मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास व रूथ लिख्टरमन या सहा तरुणींचा भाग मोठा होता. तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके हातयंत्रांवर सोडविण्यासाठी सैन्याने नेमलेल्या गणक-स्त्रियांतून त्यांची निवड झाली होती. १९४५ च्या उन्हाळ्यात त्यांना ॲबर्डीन येथे छिद्रपत्रिकांच्या यंत्रांचे शिक्षण देण्यात आले. एनिॲकविषयी शिकविण्याजोगे पुस्तकच अस्तित्वात नव्हते. गुप्ततेच्या नियमामुळे आरंभी त्यांना यंत्राच्या दालनात प्रवेशही नव्हता. त्यांच्या हाती दिले गेले ते यंत्राच्या निरनिराळ्या भागांचे आराखडे. ते आराखडे वाचीत आणि अडले तेथे अभियंत्यांना गाठून विचारीत, यंत्र न पाहता त्यांनी यंत्र जाणले.

ही अडचण त्यांना वरदान ठरली असे म्हणावयास हरकत नाही. कोणता आकडा कोणत्या क्षणी कोठे असावयास हवा याचे चित्र त्यांच्या मनात तयार होते, आणि दोषशोधनाचे सारे मर्म त्या चित्रातच असते. जेनिंग्ज यांनी — त्या पुढे जीन बार्टिक या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या — पुढे नमूद केले आहे, की त्यांना गणितही ठाऊक होते आणि यंत्रही ठाऊक होते; म्हणून नलिकेपर्यंत जाऊन दोष दाखविणे त्यांना अभियंत्यांच्या बरोबरीने, कधी सरसही, जमू लागले. हिशेब मध्येच थांबवून आतील आकडे पाहावयाचे असले म्हणजे आज्ञा वाहून नेणारी एक तार उपटली जाई. ज्या ठिकाणी प्रवाह असा तोडावयाचा त्याला ‘ब्रेकपॉइंट’ हे नाव पडले. आज संगणकाच्या पडद्यावर ओळीवर खूण करून आज्ञावली थांबविणाऱ्यास आपण एक तार उपटतो आहोत याची कल्पनाही नसते.

फेब्रुवारी १९४६ मधील जाहीर प्रात्यक्षिकाची हकीकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. तोफगोळ्याच्या मार्गाचे गणित यंत्रावर मांडले होते. वेस्कॉफ व लिख्टरमन यांनी तेच गणित, यंत्र ज्या क्रमाने करणार त्याच क्रमाने, पायरी पायरीने हाताने सोडवून ठेवले होते, म्हणजे मधल्या कोणत्याही पायरीवर यंत्राशी पडताळा घेता यावा. प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी एकच गोम उरली: गोळा जमिनीला टेकल्यावर थांबावयाचा तो थांबेना, जमिनीत शिरून पुढे चालला. रात्री उशिरा मंडळी घरी गेली. सकाळी स्नायडर आल्या त्या थेट एका विशिष्ट स्विचापाशी गेल्या. तो एका घराने चुकीचा लावला गेला होता. ही चूक होती, बिघाड नव्हे. आणि तो निर्णय यंत्राजवळ उभे राहून नव्हे, तर लक्षणावरून उलट पावलांनी कारणाकडे जात केलेला होता. प्रात्यक्षिक यशस्वी झाले. त्या दिवशीच्या सत्कारात या सहाजणींना स्थान नव्हते. त्यांच्या कार्याचा जाहीर गौरव होण्यास १९९७ साल उजाडावे लागले. हा विलंब केवळ स्त्रियांविषयीच्या उपेक्षेचा द्योतक नाही; यंत्र रचणे ही विद्या आणि यंत्र चालते ठेवणे हे मजुरीचे काम, ही समजूतही त्यामागे होती.

इंग्लंडात केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांचे ‘एडसॅक’ ६ मे १९४९ रोजी प्रथम चालले. त्याची आज्ञावली कागदी फितीवर छिद्रांनी लिहिली जाई. यंत्र चालू झाले म्हणजे मुख्य काम संपले, असा त्या वेळी सार्वत्रिक समज होता. एअरी यांच्या विभेदक समीकरणाची आज्ञावली चालविण्याचा खटाटोप सुरू असता, फिती छिद्रित करण्याची खोली व यंत्राची खोली यांमधील जिन्याच्या वळणावर आपल्या उर्वरित आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार ही जाणीव आपणास एकाएकी झाली, असे विल्क्स यांनी १९८५ च्या आत्मवृत्तात लिहिले आहे. ती फीत सुदैवाने टिकली. मार्टिन कॅम्पबेल-केली यांनी १९९२ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला: १२६ आज्ञांत सुमारे २० चुका होत्या. प्रत्येक सहा आज्ञांमागे एक, आणि लिहिणारा माणूस यंत्राचा निर्माता!

केंब्रिजकरांनी जे केले त्याचे महत्त्व असे, की त्यांनी चुकीला बिघाडापासून वेगळे काढून तिच्या शोधाची स्वतंत्र पद्धत बसविली. आरंभी लोक यंत्रापाशी बसून, एक एक आज्ञा सोडीत, नळीच्या काचेवर उमटणारे ठिपके पाहात. या डोकावण्याला तेथे ‘पीपिंग’ म्हणत. त्यात यंत्राचा अतोनात वेळ जाई. स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच ‘आज्ञावलींतील चुकांचे निदान’ असा विषय मर्यादित केला आहे, ही शब्दयोजना लक्षणीय आहे. यंत्र धडधाकट आहे असे गृहीत धरून केवळ मानवी चुकीचा शोध कसा घ्यावयाचा, एवढाच त्याचा प्रश्न. गिल यांनी अशी एक आज्ञावली रचली, की ती तपासावयाच्या आज्ञावलीतील एक एक आज्ञा स्वतः उचलून पार पाडी आणि जाता जाता तिचे आद्याक्षर छापी. छापील अक्षरांची ती ओळ म्हणजे हिशेबाची पाऊलवाट. दुसरी युक्ती अशी, की आज्ञावली कोलमडल्यावर स्मृतिकोशातील आकडे जसेच्या तसे छापून घ्यावयाचे व मग सावकाश, यंत्र दुसऱ्याला मोकळे करून देऊन, ते वाचीत बसावयाचे. या कामाच्या आज्ञावलीला त्यांनी ‘पोस्ट-मॉर्टेम’ म्हटले. विल्क्स, व्हीलर व गिल यांच्या १९५१ च्या पुस्तकामुळे हे शब्द दूरवर गेले.

त्याच प्रयोगशाळेत दिवसाच्या वेळी यंत्र चालविण्यासाठी स्वतंत्र माणसे नेमली गेली. लोकांच्या फिती एका आडव्या तारेवर चिमट्यांनी टांगून ठेवीत व चालक त्या क्रमाने यंत्रात घाली. आज्ञावली अडकली तर पोस्ट-मॉर्टेमची फीत घालून निघालेला कागद तो मालकाच्या हवाली करी. संगणकचालक हा पेशा, त्याचे काम आणि त्याची मर्यादा ही सर्व त्या तारेपाशी आकाराला आली. चालकाने चूक दुरुस्त करावयाची नाही. पुरावा गोळा करावयाचा.

वैद्यकातून घेतलेले हे शब्द मराठी वाचकाला आपल्या परंपरेची आठवण करून देतील. मराठीत ‘निदान’ हा शब्द आज रोगनिर्णय व ‘किमान’ अशा दोन अर्थांनी फिरतो. आयुर्वेदात मात्र रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. निदान म्हणजे मूळ हेतू. पूर्वरूप म्हणजे रोग व्यक्त होण्यापूर्वीची चाहूल. रूप म्हणजे व्यक्त लक्षण. उपशय म्हणजे औषध वा आहार देऊन पाहून त्याच्या गुणावगुणावरून केलेला निर्णय. आणि संप्राप्ती म्हणजे दोष शरीरात कसकसा पसरत गेला त्याची प्रक्रिया. दोन परंपरांत काही ऐतिहासिक संबंध आहे असे मुळीच नाही. तथापि यंत्रदुरुस्तीच्या रीती लावून पाहण्यास ही चौकट आश्चर्यकारक रीतीने उपयोगी पडते. संशयित भाग काढून दुसरा बसविणे व यंत्र सुधारते का पाहणे हा शुद्ध उपशय होय. गिल यांची पाऊलवाट ही संप्राप्ती. आणि पूर्वरूप ओळखण्याची रीत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयातील ‘व्हर्लविंड’ या यंत्रावर निघाली. १९५१ च्या सुमारास कार्यास लागलेल्या या यंत्राचा विद्युद्दाब तेथे नियमाने मुद्दाम कमी-जास्त करीत व त्या ताणाखाली चाचणीचे गणित चालवीत. जी नलिका क्षीण झाली असेल ती त्या वेळीच डगमगे. मग ऐन कामात दगा देण्यापूर्वीच ती बदलली जाई. अमेरिकेच्या हवाई संरक्षणाच्या ‘सेज’ यंत्रणेने हीच रीत पुढे उचलली, कारण तेथे यंत्र क्षणभरही थांबून चालणार नव्हते.

या रीतींतील सर्वांत स्वस्त व सर्वांत फसवी रीत उपशयाची. भाग बदलला, यंत्र चालले. परंतु दोष त्या भागातच होता, की भाग बसविताना सैल झालेली तार जागेवर बसली? हे न कळता पुढे जाणाऱ्याच्या वाट्याला ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ हा अनुभव कधी ना कधी येतोच.

१९६० नंतर यंत्रे व्यापारी कचेऱ्यांत गेली आणि केंब्रिजच्या तारेपाशी सुरू झालेली वाटणी पक्की झाली. आज्ञावली लिहिणारा एकीकडे, यंत्रदालनात पाळीवर असलेला चालक दुसरीकडे, आणि विक्रेत्या कंपनीचा दुरुस्ती-अभियंता तिसरीकडे. बिघाड की चूक, हा प्रश्न आता ज्ञानाचा न राहता हद्दीचा झाला. बिघाड म्हटले की अभियंत्याला बोलवावयाचे, चूक म्हटली की कागदांची चवड आज्ञावलीकाराच्या मेजावर नेऊन टाकावयाची. ही चवड म्हणजे स्मृतिकोशाची छापील प्रत, ‘कोअर डंप’. त्या काळची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची असे. तिला ‘कोअर’ म्हणत. कडी जाऊन दशके लोटली, सिलिकॉन आले, तरी युनिक्सच्या परंपरेतील यंत्रावर आज्ञावली कोसळली की ‘कोअर’ नावाची फाइल अद्यापही तयार होते.

आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये घोषित केलेल्या ‘सिस्टिम ३६०’ मालिकेवर अपघाती समाप्तीला सांकेतिक अंक असत. ‘एस-शून्य-सी-सात’ हा संकेत दिसताच अनुभवी चालकाला कळे, की संख्येच्या जागी संख्या नसलेले काहीतरी आले आहे. या अपघाती समाप्तीचे संक्षिप्त इंग्रजी नाव ‘ॲबेंड’. जर्मन भाषेत ‘आबेंड’ म्हणजे संध्याकाळ. त्यावरून रात्रपाळीवाल्यांनी या शब्दाची जी गमतीदार व्युत्पत्ती रचली ती अर्थातच लोकव्युत्पत्ती आहे. परंतु रात्रपाळीच्या माणसांनी आपल्या कामाच्या शब्दांशी असा खेळ करावा हेच त्यांचा एक समाज बनल्याचे चिन्ह आहे.

भारतात ही विद्या दोन निरनिराळ्या वाटांनी आली आणि दोन्ही वाटा मुंबईतून गेल्या. पहिली वाट टाटा मूलभूत संशोधन संस्थेची. तेथे रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास एका प्रायोगिक यंत्राचे काम सुरू झाले व पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यास लागले. १९६२ मध्ये त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. प्रिन्स्टनच्या यंत्राच्या वळणावर बांधलेल्या या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रोधक होते. स्मृती फेराइट कड्यांची होती. बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पूर्वी असे यंत्र पाहिलेलेही नव्हते. म्हणजे फिलाडेल्फियाच्या सहाजणींची जी स्थिती तीच येथे: आराखडा प्रथम, यंत्र नंतर. ज्यांनी सांधा सांधा स्वतः जोडला त्यांना बिघाडाचे स्थान शोधण्यासाठी परक्या कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागली नाही. गतीच्या दृष्टीने टिफ्रॅक तयार होईतो मागे पडले होते, अशी टीका त्यावर होते आणि ती निराधार नाही. १९६४ मध्ये त्याच संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हे परदेशी यंत्र आले, तेव्हा टिफ्रॅकचे दिवस भरत आले होते. तथापि यंत्राची गती आणि यंत्राभोवती तयार झालेली माणसे ही दोन निरनिराळी उत्पन्ने आहेत. टीकाकार पहिल्याचेच माप घेतात.

दुसरी वाट आयबीएमची. ही कंपनी आपली यंत्रे मुख्यतः भाड्याने देई व त्यांची देखभाल स्वतःच करी. ग्राहकाला यंत्राच्या अंतरंगाशी कर्तव्य नव्हते, आणि अंतरंगाची कागदपत्रे त्याच्या हाती नव्हती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याखाली परदेशी भागभांडवल कमी करण्याचा आग्रह शासनाने धरला. तो मान्य न करता आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून आपला कारभार आवरला. देशभर चालू असलेली तिची यंत्रे मात्र येथेच होती. ती बंद पडल्यास काय, हा प्रश्न त्या वेळी खराखुरा होता. विद्युत्‌मंडळे, कारखाने व शासकीय खाती यांची बिले आणि पगारपत्रके त्यांवर अवलंबून होती. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ या शासकीय संस्थेकडे ही देखभाल आली. संस्थेच्या नावातच देखभाल असणे ही गणकयंत्रांच्या जगात दुर्मीळ गोष्ट होय. तिच्या अभियंत्यांना एकाच कंपनीच्या नव्हे, तर निरनिराळ्या निर्मात्यांच्या यंत्रांशी झुंजावे लागले. ज्याला एकाच घराण्याची यंत्रे ठाऊक तो त्या घराण्याच्या पुस्तिकेवर विसंबू शकतो. ज्याला अनेकांशी प्रसंग पडतो त्याला पुस्तिकेपलीकडची, सर्व यंत्रांना लागू पडणारी विचारपद्धती बनवावीच लागते. भारतीय संगणक-व्यवसायाच्या इतिहासात आज्ञावली लिहून परदेशी पाठविणाऱ्यांचे कौतुक पुष्कळ झाले. या दुरुस्तीवाल्यांचा इतिहास त्या मानाने फारच थोडा लिहिला गेला आहे. आकडेवारीपेक्षा त्यांच्या नोंदवह्या व आठवणी जमविणे येथे अधिक निकडीचे आहे, कारण माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत.

दरम्यान बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा जन्म झाला होता. नोव्हेंबर १९७१ च्या तिच्या पहिल्या पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेच्या वर्णनाखाली ‘बग्ज’ असे एक सदर ठेवलेले आढळते. स्वतःच्या कृतीतील वैगुण्ये कर्त्यानेच छापून द्यावयाची, ही प्रथा विक्रेत्यांच्या पुस्तिकांत कल्पनेतही येण्याजोगी नव्हती. नवखा चालक अशा पुस्तिकेतून आज्ञा जितकी शिके तितकाच तिच्यावर किती विश्वास टाकावा हेही शिके. पुढे यंत्रे एकमेकांना जोडली गेली आणि दोषाचे स्थान पुन्हा तारखात्याच्या दोषासारखे दूर गेले. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी जाळ्यातील एका गोंधळाचा माग काढण्यासाठी एक छोटी आज्ञावली एका बैठकीत लिहिली. दूरच्या यंत्राला हाक द्यावयाची आणि प्रतिध्वनी किती वेळात येतो ते पाहावयाचे, एवढेच तिचे काम. पाणबुडीच्या ध्वनिशोधक यंत्राच्या आवाजावरून तिला ‘पिंग’ हे नाव पडले. म्यूस ज्या ॲबर्डीनच्या प्रक्षेपशास्त्रीय प्रयोगशाळेत होते तिच्याचसाठी एनिॲक बांधले गेले होते आणि १९४७ पासून १९५५ पर्यंत ते तेथेच चालले. कचेरीत बसून दूरच्या तारेचे माप घेण्याची जुनी कल्पना अशी नव्या वेषात परत आली.

प्रश्न उरतो तो शिक्षणाचा. पुस्तिका, संकेतांक, चाचण्या ही सर्व साधने असूनही नवख्याला अनुभवी माणसाशेजारी बसल्यावाचून ही विद्या येत नाही, हा अनुभव सर्वत्र सारखा आहे. त्याचे कारण मानवशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्तीवाल्यांमध्ये राहून शोधले. त्यांचा ग्रंथ १९९६ मध्ये निघाला. ती यंत्रे नकला काढणारी होती, तरी निष्कर्ष येथे सर्वस्वी लागू पडतो. कंपनीने दुरुस्तीवाल्यांना दिलेल्या पुस्तिका ‘असे असेल तर असे करा’ या स्वरूपाच्या होत्या. पुस्तिकेची फांदी जेथे संपे तेथून पुढे माणसे एकमेकांना गोष्टी सांगत. अमुक यंत्र अमुक संकेत दाखवीत होते, वस्तुतः दोष दुसरीकडेच होता, तो असा सापडला. जेवणाच्या मेजावर चालणाऱ्या या गप्पा व्यवस्थापकांना वेळेचा अपव्यय वाटत. ऑर यांनी दाखविले, की ज्ञान त्या गप्पांतच साठविलेले होते. दोन माणसे यंत्रापुढे बसून जुन्या प्रसंगांची आठवण काढीत काढीत चालू प्रसंगाची सुसंगत कथा जुळवीत. कथा जुळली की दोष सापडे.

भाषेच्या अभ्यासकाला यात विशेष रस असावयास हवा. लक्षणांची यादी ही अद्याप कथा नव्हे. कोणती घटना आधी, कोणती नंतर, कोणती कारण आणि कोणती केवळ सोबतीण, हे कथनात ठरते. क्रियापदांचे काळ आणि ‘म्हणून’, ‘तरी’, ‘तेव्हापासून’ ही अव्यये तेथे निदानाचे काम करतात. तक्रार घेऊन येणारा ग्राहक ‘यंत्र चालत नाही’ एवढेच सांगतो. ‘कालपर्यंत चालत होते’ हे वाक्य त्याच्या तोंडून काढून घेणे ही चालकाची पहिली कसोटी.

आजच्या प्रचंड यंत्रसमूहांवर बिघाड व चूक यांची जुनी वाटणी पुन्हा मोडली आहे. हजारो यंत्रांत काही ना काही सतत बिघडलेले असतेच, आणि ते सावरून घेणे हे आज्ञावलीचेच काम मानले जाते. सावरले गेले नाही तर ती चूक. गूगल कंपनीत २००३ मध्ये बेन ट्रेनर यांनी आज्ञावलीकारांनाच यंत्रे चालविण्याच्या कामावर बसवून ‘विश्वसनीयता अभियांत्रिकी’ नावाची शाखा काढली, तीत लिहिणारा व चालविणारा यांची फारकत बरीचशी संपली. त्या कंपनीच्या माणसांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोषशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे. ही उपजत हातोटी आहे हा समज खोडून ती शिकता येते व शिकविता येते असे तेथे प्रतिपादिले आहे. गिल यांचा ‘पोस्ट-मॉर्टेम’ शब्दही तेथे भेटतो, परंतु अर्थ पालटून: आता विच्छेदन स्मृतिकोशाचे नव्हे, तर घडलेल्या सबंध प्रसंगाचे, आणि कोणा व्यक्तीवर ठपका न ठेवता लेखी करावयाचे. ठपक्याचे भय असले म्हणजे माणसे कथा अपुरी सांगतात, हे त्यामागील साधे व्यवहारज्ञान.

नवख्यांच्या शिक्षणासाठी याच ग्रंथात एक खेळ सांगितला आहे. पूर्वी खरोखर घडलेला एखादा बिघाड निवडावयाचा. एकाने यंत्राची भूमिका घ्यावयाची व शिकाऱ्याने प्रश्न विचारावयाचे: अमुक तक्ता काय दाखवितो, अमुक नोंदीत काय आढळते, आदल्या तासात कोणी काय बदलले. जे विचारले असेल तेवढ्याचेच उत्तर मिळते. न विचारलेले कोणी सांगत नाही. बाकीची मंडळी सभोवार बसून ऐकतात, आणि उत्तर सापडल्यावर ज्यांच्या पाळीत तो प्रसंग मुळात घडला होता ते त्या वेळी आपण प्रथम कोठे वाट चुकलो ते सांगू लागतात.